झडपेचा खर्च आणि झडपेनंतरचा खर्च



हृदयाची झडप बदलण्याची शस्त्रक्रिया आज नवलाची राहिलेली नाही. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यातला एखादा कामगार अशा शस्त्रक्रियेतून सुखरूप बाहेर पडतो, तेव्हा त्याच्या घरी, त्याच्या खात्यातल्या सोबत्यांत आणि त्याला मदत मिळवून देणाऱ्या कार्यकर्त्यांत समाधानाची भावना असते. शासनाची योजना उपयोगी पडली, डॉक्टरांनी हात राखला नाही, माणूस वाचला, असे सर्वजण म्हणतात. आणि त्यात खोटे काही नसते. परंतु शस्त्रक्रियेचा दिवस हा या आजाराच्या खर्चाचा शेवट नसून एका नव्या खर्चाचा आरंभ असतो. पहिल्या खर्चाला निदान एक नाव आहे, एक फाईल आहे, मंजुरीचा एक आकडा आहे. दुसऱ्या खर्चाला यांपैकी काहीच नाही. तो महिन्या-महिन्याने, गोळी-गोळीने कामगाराच्या खिशातून जात राहतो, आणि गुंतागुंत उद्भवली की एका फटक्यात घर धुऊन नेतो. त्याचा भार कोणी उचलावा, हा येथील प्रश्न आहे. आणि तो वैद्यकशास्त्राचा जितका आहे, तितकाच श्रमसंबंधांचाही आहे.

प्रथम आजाराचे मूळ पाहू. श्रीमंत देशांत झडपा प्रामुख्याने उतारवयात, झिजेने निकामी होतात. आपल्याकडे मात्र ऐन पंचविशी-तिशीतल्या स्त्री-पुरुषांच्या झडपा निकामी होतात, आणि त्याचे मोठे कारण बालपणी होऊन गेलेला सांध्यांचा ज्वर, ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटिक फीवर म्हणतात, हे असते. पाच ते पंधरा वर्षांच्या वयात स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या जंतूने घसा सुजतो. त्यावर वेळीच उपचार झाला नाही, तर काही मुलांत शरीराची प्रतिकारशक्तीच स्वत:च्या सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. सांधे बरे होतात. झडपा मात्र जखमी राहतात, आणि ज्वराचे झटके पुन:पुन्हा आले की त्या जाड होतात, आक्रसतात, एकमेकींना चिकटतात. एका खोलीत आठ-दहा माणसे झोपणे, कोंदट हवा, अपुरे अन्न आणि जवळपास दवाखाना नसणे, ही या रोगाची खरी पैदासभूमी. मराठवाड्यातल्या दुष्काळी गावात किंवा बिहारमधल्या एखाद्या खेड्यात ज्या मुलाचा घसा दुखला आणि दुर्लक्षिला गेला, तोच मुलगा पंधरा वर्षांनी चाकणजवळच्या खराबवाडीत, नाणेकरवाडीत किंवा निघोज्यात भाड्याच्या खोलीत राहून मोटारींचे सुटे भाग बनवतो. आणि जिना चढताना त्याला धाप लागू लागते, तेव्हा त्याला प्रथमच कळते की आपले हृदय अधू आहे. त्याची झडप त्याच्या कोणत्याही दोषाने बिघडलेली नसते. दारिद्र्याने ती बिघडवलेली असते.

आणि येथे पिंपरीच्या इतिहासातला एक विलक्षण विरोधाभास नजरेआड करता येत नाही. हा रोग रोखण्याचे औषध म्हणजे पेनिसिलिन. घसादुखीवर ते वेळीच दिले तर ज्वर येत नाही. ज्वर एकदा येऊन गेलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथीन पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे दिले, तर झडपांचा नाश पुष्कळ अंशी टळतो. आणि भारतात हे औषध सार्वजनिक क्षेत्रात प्रथम जेथे बनू लागले ते गाव पिंपरीच होय. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याची येथे स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य तिला लाभले. १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले. तो केवळ एक कारखाना नव्हता. जीवनावश्यक औषध नफ्याच्या बाजारावर सोडायचे नाही, हा नव्या राष्ट्राचा निर्धार त्यातून प्रकट झाला होता. पुढे काय झाले हे सर्वविदित आहे. कारखाना आजारी ठरला, १९९७ मध्ये त्याचे प्रकरण औद्योगिक पुनर्रचना मंडळाकडे गेले, आणि २०१६ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याची जमीन विकून देणी भागविण्याचा निर्णय घेतला. दरम्यान देशाची कच्च्या पेनिसिलिनची गरज मुख्यत: चीनमधून भागू लागली, आणि ते पुन्हा देशात बनावे म्हणून २०२० साली सरकारला खाजगी उद्योगांना उत्तेजनपर अनुदाने देऊ करावी लागली. स्वस्त इंजेक्शनची व्यवस्था ढासळू द्यायची आणि मग लाखोंची शस्त्रक्रिया मंजूर करून पाठ थोपटून घ्यायची, याला नियोजन म्हणत नाहीत.

आता झडपेकडे वळू. अल्बर्ट स्टार हा शल्यविशारद आणि लॉवेल एडवर्ड्‌स हा अभियंता यांनी अमेरिकेत १९६० साली पिंजऱ्यातल्या चेंडूसारखी कृत्रिम झडप माणसाच्या हृदयात यशस्वीपणे बसविली, तेव्हापासून या शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले. आपल्याकडे दीर्घकाळ झडपा परदेशातूनच येत, आणि त्यांची किंमत सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेर असे. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक अपयशे पचवून स्वदेशी झडप घडविली. ६ डिसेंबर १९९० रोजी ती प्रथम रुग्णाच्या हृदयात बसली. सार्वजनिक संस्थेतले संशोधन लोकांच्या कामी कसे येते, याचे हे उज्ज्वल उदाहरण आहे; एक लाखाहून अधिक चित्रा झडपा आजवर वापरल्या गेल्या आहेत.

झडपा दोन प्रकारच्या. एक यांत्रिक, धातू-कार्बन आदी पदार्थांची. ती टिकाऊ असते, परंतु तिच्यावर रक्त गोठण्याचा धोका असल्याने रुग्णाला जन्मभर रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागते. दुसरी जैविक, प्राण्याच्या ऊतींपासून बनविलेली. तिला बहुधा अशी आजन्म गोळी लागत नाही, परंतु ती दहा-पंधरा वर्षांत, तरुण रुग्णात त्याहूनही लवकर, निकामी होते आणि पुन्हा छाती उघडावी लागते. तिशीतल्या कामगाराला म्हणूनच बहुधा यांत्रिक झडप बसविली जाते. म्हणजे त्याच्यापुढे निवड असते ती दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च आणि आजन्म गोळीचा खर्च यांमधली. मूल हवे असलेल्या तरुण स्त्रीची निवड तर याहून कठीण: गोळी गर्भाला अपाय करू शकते आणि गोळी थांबविली तर झडप धोक्यात येते, गरोदरपणात काही काळ इंजेक्शने आणि वारंवार तपासण्या, हाच मध्यम मार्ग उरतो, आणि तो महागडा आहे.

ही गोळी म्हणजे वॉरफरिन किंवा तिच्याच कुळातली असेनोकुमारॉल. सडलेले गवत खाऊन अमेरिकेत गुरे रक्तस्रावाने मरू लागली, त्या शोधातून हे द्रव्यकुल सापडले. वॉरफरिन प्रथम उंदीर मारण्यासाठी विकले गेले आणि १९५४ मध्ये माणसाच्या उपचारात आले. औषध आणि विष यांमधले अंतर येथे अगदी अरुंद आहे. मात्रा कमी पडली तर झडपेवर गुठळी बसते. जास्त झाली तर मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव होतो. म्हणून आय.एन.आर. नावाची रक्ततपासणी नियमित करून मात्रा ठरवावी लागते. निरोगी माणसात हा आकडा एकच्या आसपास असतो; मायट्रल जागी यांत्रिक झडप असलेल्या रुग्णात तो साधारणत: अडीच ते साडेतीन यांमध्ये राखावा लागतो. मेथी-पालकासारख्या पालेभाज्या एकदम वाढल्या की आकडा खाली येतो. ठरावीक प्रतिजैविके घेतली की वर जातो. अंगदुखीवर दुकानातून घेतलेली गोळी रक्तस्रावाचा धोका वाढविते. रक्त पातळ करणारी नवी औषधे आली, ज्यांना अशी तपासणी लागत नाही. परंतु यांत्रिक झडपेच्या रुग्णांवर ती उतरली नाहीत. डॅबिगाट्रानची चाचणी मध्येच थांबवावी लागली, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२२ मध्ये अपिक्सॅबानच्या चाचणीचीही तीच गत झाली. तात्पर्य, जुनी गोळी आणि तिची तपासणी यांतून या रुग्णाची नजीकच्या काळात सुटका नाही.

गोळी स्वस्त आहे. तिच्याभोवतीची शिस्त मात्र महाग आहे, आणि ही गोष्ट धनिकाला कळत नाही. समजा, एका कंत्राटी कामगाराची दिवसाची मजुरी ६०० रुपये आहे. महिन्यातून एकदा तपासणीसाठी त्याला खाडा करावा लागतो. मजुरी बुडाली ६०० रुपये. खाजगी प्रयोगशाळेतली तपासणी धरा ३०० रुपये. जाण्या-येण्याचे १०० रुपये. एका खेपेचे हजार झाले, वर्षाचे १२,०००. २६ दिवसांच्या हिशेबाने त्याचा महिन्याचा पगार १५,६०० रुपये. म्हणजे वर्षाकाठी पाऊण महिन्याचा पगार केवळ आकडा मोजण्यात जातो. तिसाव्या वर्षी शस्त्रक्रिया झाली आणि तो साठीपर्यंत जगला, तर आजच्याच भावाने ही रक्कम ३,६०,००० रुपये होते. यात गोळ्या नाहीत, सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी नाही, डॉक्टरांची फी नाही. साहजिकच तो काय करतो? एक महिना तपासणी टाळतो, मग तीन महिने, मग सहा. प्रकृती तर ठणठणीत वाटते. मग खाडा कशाला?

आणि मग गुंतागुंत येते. तिची रूपे ठरलेली आहेत. झडपेवर गुठळी बसून ती अडकते, श्वास कोंडतो, गुठळी विरघळविणारे महागडे इंजेक्शन किंवा तातडीची दुसरी शस्त्रक्रिया, हेच दोन मार्ग उरतात. गुठळीचा तुकडा मेंदूत गेला तर अर्धांगवायू होतो, आणि कमावता माणूस खाटेवर पडतो. आकडा वर गेला तर रक्तस्राव होतो. पॉवर प्रेसवर किंवा कटिंगच्या यंत्रावर काम करणाऱ्याला साधी जखम झाली तरी रक्त थांबत नाही. दात किडला, जखम चिघळली, आणि जंतू रक्तातून झडपेवर बसले, तर सहा-सहा आठवडे रुग्णालयात राहून शिरेवाटे प्रतिजैविके घ्यावी लागतात. पुन्हा हिशेब मांडून पाहा. सहा आठवड्यांत कामाचे ३६ दिवस. मजुरी बुडाली २१,६०० रुपये. शुश्रूषेला बसलेली पत्नी घरकामाचे दिवसाला ४०० रुपये मिळवीत असेल, तर तिचे बुडाले १४,४००. रुग्णालयाने एक पैसा घेतला नाही असे धरले, तरी ३६,००० रुपये गेले. नियमित तपासणीच्या नेमक्या तीन वर्षांच्या खर्चाइतके. वाचविलेला खाडा अशा रीतीने व्याजासह वसूल होतो. आणि हे व्याज भरण्यासाठी पत्नीचे डोरले, गावाकडची जमीन किंवा ठेकेदाराची उचल यांवाचून त्याच्याजवळ काही नसते.

मग शासनाच्या योजना कोठे आहेत? त्या आहेत, आणि त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर पसरली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. पुढे केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घातली गेली, आणि कुटुंबामागे दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर गेली. परंतु या सर्व योजनांचा सांगाडा एकच आहे: रुग्ण खाटेवर असेपर्यंत विमा त्याला ओळखतो. घरी गेल्यावर राज्याच्या योजनेने दहा दिवसांची आणि केंद्राच्या योजनेने पंधरा दिवसांची काळजी वाहिली. शस्त्रक्रियेनंतरच्या पाठपुराव्याची काही पॅकेजे राज्याच्या योजनेत घातली गेली हे खरे. पण पॅकेजला मुदत असते आणि यांत्रिक झडपेला नसते. बाह्यरुग्ण म्हणून दर महिन्याला होणारी तपासणी आणि गोळी या योजनांच्या चौकटीत बसत नाही. उलट तपासणीअभावी गुठळी झाली, की दाखल झालेल्या रुग्णावर हजारो-लाखो रुपये मंजूर होतात. तीनशे रुपये नाकारणारी आणि तीन लाख देणारी ही व्यवस्था काटकसरीची आहे, असे कोणता अर्थशास्त्रज्ञ म्हणेल?

शासनाने फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटच्या आणि त्याच वर्षी गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली. झडपेला तशी मर्यादा घातली गेली नाही. वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करू नये, एवढेच बंधन तिच्यावर राहिले. योजनेबाहेर राहिलेल्या रुग्णाला, किंवा झडप दुसऱ्यांदा बदलावी लागणाऱ्याला, याची झळ किती बसते हे सांगावयास नको.

कामगारांसाठी तर राज्य विमा योजना आहे. १९४८ च्या कायद्याने ती आली. तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. चिंचवडला मोहननगरात तिचे रुग्णालय आहे. या योजनेची कल्पना विमा कंपन्यांच्या कल्पनेहून कितीतरी उदार होती: केवळ उपचार नव्हे, तर बुडालेल्या मजुरीची भरपाई. साध्या आजारात वर्षाला ९१ दिवस मजुरीच्या ७० टक्के. आणि ठरावीक ३४ दीर्घ आजारांत दोन वर्षांपर्यंत ८० टक्के. या ३४ आजारांच्या यादीत गुंतागुंत झालेले झडपांचे विकार आणि शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत उद्भवलेला हृदयविकार यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे येथे ज्या खर्चाविषयी बोलले जात आहे, तो ओळखणारी एक तरतूद आपल्या देशात आहे! मग ती चाकणच्या कामगारापर्यंत का पोचत नाही?

उत्तर कंत्राटी पद्धतीत आहे. वाढीव लाभासाठी दोन वर्षांची सलग विमापात्र नोकरी आणि त्या काळात किमान १५६ दिवसांची वर्गणी लागते. साध्या आजारलाभासाठीही सहा महिन्यांच्या एका वर्गणीकालात ७८ दिवस भरावे लागतात. आणि या औद्योगिक पट्ट्यात कामगाराला सात महिन्यांनी ब्रेक देणे, ठेकेदार बदलणे, त्याच गेटातून नव्या नावाने आत घेणे, ही रोजची रीत झाली आहे. जी अट लबाडी टाळण्यासाठी होती, ती लबाडी करणाऱ्या मालकाच्या पथ्यावर पडली. आजारपणाचा लाभ घेत असलेल्या कामगाराला काढता येणार नाही, असे कायद्याने म्हटले होते. परंतु ठेकेदाराला काढावे लागतच नाही, त्याची मुदत संपते. वरच्या बाजूने २१,००० रुपयांची वेतनमर्यादा २०१७ पासून आहे. पगार थोडा वाढला की कामगार योजनेबाहेर जातो आणि कंपनीच्या सामूहिक मेडिक्लेमवर येतो. नोकरी गेली की तोही जातो. आणि १ जुलै २०१९ पासून मालकांची वर्गणी पावणेपाच टक्क्यांवरून सव्वातीन टक्क्यांवर उतरविण्यात आली, तीही अशा वेळी, जेव्हा कामगार अधिक डॉक्टरांची आणि अधिक औषधांची मागणी करीत होते.

काहीजण म्हणतील, रुग्णाने स्वत:ची काळजी घ्यावी. तपासणी टाळणे हा त्याचाच निष्काळजीपणा. जी शिस्त पाळण्यासाठी दर महिन्याला मजुरी आणि कधीकधी नोकरी पणाला लावावी लागते, ती न पाळणे याला निष्काळजीपणा म्हणणे म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगणे होय. दुसरे काही म्हणतील, सरकारजवळ इतका पैसा कोठून येणार? त्यांना क्यूबाचे उदाहरण सांगावे. तेथील पिनार देल रिओ प्रांतात १९८६ ते १९९६ या दहा वर्षांत शाळा, दवाखाने आणि पालक यांना एकत्र आणून सांध्यांच्या ज्वराविरुद्ध मोहीम राबविली गेली. रोग घटला, त्याची तीव्रता घटली, आणि त्यावरचा खर्चही घटला. क्यूबा श्रीमंत देश नव्हता. त्याने खर्चाची जागा बदलली, इतकेच.

तेव्हा मागायचे काय? पहिली गोष्ट: पिंपरी-चिंचवड महानगरपालिका, जिचा आशिया खंडातील श्रीमंत महापालिका म्हणून गौरव केला जातो, तिने यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालयापुरते न थांबता आपल्या प्रभागांतल्या दवाखान्यांत, आणि जिल्हा परिषदेने व शासनाने चाकण परिसरातल्या ग्रामीण रुग्णालयांत व आरोग्य केंद्रांत, आय.एन.आर. तपासणी आणि गोळी मोफत द्यावी. बोटाच्या टोकातल्या थेंबभर रक्तावर काही मिनिटांत आकडा सांगणारी यंत्रे आज उपलब्ध आहेत; ती संध्याकाळी, पाळी सुटल्यावर चालवावीत, म्हणजे खाडाच पडणार नाही. दुसरी: झडप बदललेल्या प्रत्येक रुग्णाची नोंदवही असावी, जो दोन महिने आला नाही त्याच्या दारी आरोग्यसेविका जावी. तिसरी: जन-आरोग्य योजनेत मुदतबंद पाठपुराव्याऐवजी आजन्म पाठपुरावा असावा. चौथी: विमा वर्गणीचे दिवस ठेकेदार बदलला तरी जोडले जावेत, ब्रेकचा काळ खंड मानला जाऊ नये, आणि झडपेच्या रुग्णाला धोक्याच्या यंत्रावरून हलविण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर टाकावी.

ही चौथी मागणी अव्यवहार्य आहे असे मालक म्हणतील. परंतु महाराष्ट्रानेच १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा करून दाखविले आहे की, ज्याचा मालक रोज बदलतो अशा हमालाचीही नोंद, मजुरी आणि भविष्यनिधी मंडळाकडे सुरक्षित राहू शकतो. मालक बदलले तरी हक्क बदलत नाहीत. पाठीवर पोते वाहणाऱ्यासाठी जे शक्य झाले, ते मोटारीचा भाग घडविणाऱ्यासाठी अशक्य का असावे?

आणि पाचवी मागणी सर्वांच्या मुळाशी आहे. बेंझाथीन पेनिसिलिनचे इंजेक्शन प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात बारमाही मिळाले पाहिजे, शाळा-शाळांतून मुलांचे घसे आणि हृदये तपासली गेली पाहिजेत. जागतिक आरोग्य परिषदेने २०१८ साली या रोगाविरुद्ध ठराव केला आहे. पण ठरावाने इंजेक्शन टोचले जात नाही. त्यासाठी औषध बनावे लागते, पोचावे लागते आणि देणारा हात जाग्यावर असावा लागतो.

कामगार संघटनांनीही थोडे आत्मपरीक्षण करावे. वेतनकराराच्या मागणीपत्रात बोनस असतो, कॅन्टीन असते, मेडिक्लेमची रक्कम असते. रुग्णालयाबाहेरच्या औषधोपचाराचे कलम क्वचितच असते, आणि कंत्राटी कामगाराचे नाव तर त्याहून क्वचित. कायम कामगार आणि कंत्राटी कामगार एकाच लाइनवर उभे असतात. हृदय दोघांचे सारखेच बिघडते. ज्या दिवशी कायम कामगारांची संघटना आपल्या करारात शेजारच्या कंत्राटी सोबत्याच्या तपासणीचा खाडा भरपगारी मागेल, त्या दिवशी हा प्रश्न सुटण्याच्या वाटेला लागेल. त्या मागणीला खर्च फार थोडा आहे. ती पुढच्या मागणीपत्रात लिहायला मात्र आजपासूनच सुरुवात करावी लागेल.